चार्डचं पाणी

नंदाखाल
रविवार, १२ जानेवारी २०२५

एलिना,

'चि.' लिहू की नको याचा पाच मिनिटं विचार केला आणि शेवटी नुसतं नावच लिहिलं. पाकिटावरचं अक्षर पाहून कपाळाला आठ्या पाडू नकोस. अकरा महिने झाले, तुझ्या मोबाईलवर माझा फोन लागत नाही. शेजारचा स्टीवन म्हणतो, "काकी, याला ब्लॉक म्हणतात." म्हटलं, कशाला काय म्हणतात ते मला कळतं, चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय. तुझा पत्ता त्याच्याकडूनच घेतला. त्याला ओरडू नकोस. मी डोळे वटारल्यावर त्या बिचाऱ्याने तरी काय करावं?

माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगते. पप्पांना किडनी देण्यासाठी तू डब्लिनहून रजा टाकून आलीस, सगळ्या तपासण्या जुळल्या, तारीख ठरली. आणि शेवटी हॉस्पिटलवाल्यांनी तुला एकटीला आत बोलावून विचारलं, तुमची स्वतःची इच्छा आहे ना? तू 'नाही' म्हणून बाहेर आलीस. नर्स माझी मुलगी! परक्या देशात परक्यांच्या बापांची उस्तवार करते आणि स्वतःच्या बापाला नाही. मग मी बोलले ते बोलले. 'बापाच्या मयताला येऊ नकोस' हे मी दारच्या ओट्यावर उभं राहून बोलले, कुंपणापलीकडच्यांनीही ऐकलं. तू बॅग उचलून गेलीस. तुझा राग नाकावर, माझा त्याहून वर.

तर पत्राचं कारण भाजी आहे.

तू येताना ते बियाण्याचं पाकीट आणलं होतंस ना, रंगीत देठांचं चित्र असलेलं? पप्पांनी ते जपून ठेवलं आणि ऑक्टोबरात बावखलाच्या पाण्याकाठच्या वाफ्यात टाकलं. बी अगदी बिटासारखं खडबडीत, म्हणून स्वारी महिनाभर ते बीटच समजून बसली. रोज बसायला मोडा घेऊन वाफ्यापाशी. एक दिवस एक रोप उपटून, माती झटकत मला दाखवायला आले. "रेजिना, अगं याला गड्डाच नाही! एलीने फसवलं मला." मी चष्मा लावून पाकीट वाचलं. म्हटलं, अहो, हे स्विस चार्ड आहे, याची पानं खातात. "मग आधी नाही का सांगायचं," म्हणाले आणि ते उपटलेलं रोप परत खोचलं. जगलं की ते!

आता वाफा असा फुललाय की रस्त्याने जाणारे थांबून विचारतात. लाल देठ, पिवळे देठ, पांढरे देठ. गावात सगळे 'चारट' म्हणतात. मी सुधारायला गेले नाही, कुणाकुणाला सुधारू?

डायलिसिस चालू आहे, सोमवार, बुधवार, शुक्रवार. डायलिसिसची सुई टोचतात त्या फिस्टुलाच्या हाताने कळशीही उचलायची नाही. केळीत बसायचं आणि केळं खायचं नाही, माडाखाली बसायचं आणि शहाळं प्यायचं नाही. वर्षभर नुसता भात चिवडत होते, पालेभाजी तर ताटाबाहेर काढायचे. पण हे चार्ड आल्यापासून माणूस जेवायला लागला. तुझ्या बियाण्याचं ना! रोज विचारतात, "आज एलीची भाजी आहे का?"

तपासण्या चालू असताना तू 'पप्पांचं जेवण' असा कागद लिहून फ्रिजवर चिकटवलास तो अजून तिथेच आहे. सोळा ओळी. अक्षर छान, शुद्धलेखनाच्या नऊ चुका. मी त्यांना लाल पेन लावलेलं नाही. त्या कागदाबाहेरचा एक घास मी त्यांना दिलेला नाही, हे तुला कळावं. सेंटरमधल्या आहाराच्या बाई छापील इंग्रजी कागद देत होत्या. मी म्हटलं, ठेवा तुमच्याकडे, माझ्या मुलीने लिहून दिलंय.

पानं बारीक चिरून मोठ्या टोपात उकडते, निथळते, मग लसूण, एक ओली मिरची आणि चिमूटभर खोबरं. मीठ नावाला. देठ मी माझ्यासाठी जवळा घालून करते आणि हे शेजारी बसून नुसता वास घेतात. आणि सकाळी त्यांना गुलाबी पेज! हो, गुलाबी. वाटी चाटूनपुसून स्वच्छ. ती कशी करते ते मात्र लिहिणार नाही. हवी असेल तर फोन करून विचार.

माझ्याशी नको बोलूस. स्टीवनच्या मोबाईलवर कर, तो त्यांच्या हातात नेऊन देईल. ते स्वतः करत नाहीत. म्हणतात, "माझा आवाज ऐकून पोरीला उगाच लाजल्यासारखं होईल. तिला वाटेल तेव्हा करेल ती." त्यांना तुझा आवाज ऐकायचाय, एलिना. एवढंच मागणं आहे. बाकी काही मागत नाही.

आई


नंदाखाल
रविवार, २ फेब्रुवारी

एलिना,

फोन आला नाही. पत्र पोचायला पंधरा दिवस लागतात म्हणे, म्हणून मी अजून वाट बघते आहे.

इथे नवीनच कटकट उभी राहिली. सोमवारी सेंटरमधल्या मुलीने रिपोर्ट माझ्या नाकासमोर धरला. "आजी, यांना काय खायला घालता? पोटॅशियम सहा पॉइंट सात आलंय. केळं दिलं? शहाळं?" चारचौघांत! मी म्हटलं, माझ्या घरात मोजूनमापून जेवण होतं, माझी मुलगी परदेशात नर्स आहे. ती म्हणाली, "मग हे बाहेर चोरून खात असतील. वाडीवाले सगळे खातात."

मग काय, माझं डोकं फिरलं. घरी आल्यावर मी तुझ्या बापाला धारेवर धरलं. शर्टाचे खिसे उलटे केले. वाडीत जाऊन वेलची केळ्यांचा घड फणीफणीने तपासला. एका फणीत दोन केळी कमी होती, खारीने नेली की कुणी, देव जाणे. "मी नाही खाल्लं गं," म्हणाले. मी म्हटलं, खोटं बोलू नका, सगळं आयुष्य तुमचं खोटं पचवलं आता हे नाही पचवणार. आयुष्यात काय खोटं बोलले होते ते माझं मलाही सांगता येणार नाही, पण तोंडाला लागलं की थांबत नाही ना मी. तीन दिवस बोलत होते. जेवताना, त्यांना अंघोळ घालताना, प्रार्थनेला बसतानासुद्धा.

गुरुवारी मोड्यावर बसले होते. मी पुन्हा सुरू केल्यावर मान खाली घालून म्हणाले, "हो, खाल्लं. एक वेलची केळं खाल्लं. आता सोड."

बघ! म्हटलं, कबूल झालात ना शेवटी? मी जिंकले. आता बाहेर पाऊल टाकू देत नाही. वाडीतसुद्धा मी बरोबर असते. आणि खाणं अगदी साधं केलंय, दोन्ही वेळेला चार्डची भाजी आणि ती गुलाबी पेज, दुसरं काही नाही. पाय जड झालेत म्हणतात, बोटांना मुंग्या येतात. चोरून खाल्ल्यावर येणारच.

काल वाफ्याकडे बघत विचारत होते, डब्लिनला हे एवढं मोठं होतं का, थंडीत पानं करपत नाहीत का. मला काय ठाऊक! तूच सांग त्यांना.

आई


नंदाखाल
बुधवार, १९ फेब्रुवारी

एलिना,

सोमवारी सकाळी सेंटरला जायला रिक्षा दारात उभी होती. एक बाही घातली, दुसऱ्या बाहीत हात घालताना म्हणाले, "जरा बटण लाव." मी वरचं बटण लावलं, दुसऱ्याला हात घातला आणि ते माझ्या अंगावर कलले. रिक्षावाला आत आला, स्टीवन धावत आला, डॉक्टर आले. "हार्ट," म्हणाले. झालं.

काल दफन झालं. चर्च भरलं होतं.

स्टीवनने तुला फोन केला तेव्हा तू विचारलंस म्हणे, "आईने बोलावलंय का?" तो मोबाईल हातात धरून माझ्यासमोर अंगणात उभा राहिला. मी म्हटलं, "तिला तिचं कळतं." त्याने तेच तुला सांगितलं असणार. फादर म्हणत होते, मुलीसाठी दोन दिवस थांबू, बर्फाच्या पेटीची सोय होते. मीच म्हटलं, नको, उद्याच.

तू आली नाहीस. ओट्यावर बोललेलं खरं करून दाखवलंस.

हार्ट म्हणोत नाहीतर आणखी काही म्हणोत. कशाने गेले ते मला माहीत आहे. त्या खोलीत जाऊन तू 'नाही' म्हणालीस ना, त्या 'नाही'ने गेले. लिहायचं होतं ते लिहिलं. आज पोस्टात टाकते.

आई


रविवार, ९ मार्च

एली,

हे पत्र मी टाकणार नाही. शाळेच्या जुन्या वहीत लिहिते आहे. कुणाला तरी सांगायला हवं आणि घरात कुणी नाही.

आज चर्चमधल्या मिस्सेनंतर अर्नाळ्याची व्हेरोनिका आली होती. तिचा नवरा सेंटरमध्ये पप्पांच्या शेजारच्या खाटेवर असायचा. भेटायला आली, मासळीच्या दोन वाट्या घेऊन. रडली, मग वाफा बघितला. "टीचर, ही तुमची ती भाजी ना? आमच्या मानसाला पन चालंल का?" म्हटलं, का नाही चालणार? चल, करूनच दाखवते. पप्पा गेल्यापासून मी चूल नीट पेटवली नव्हती. कुणाला तरी काही शिकवायला मिळालं, बरं वाटलं जरा.

पानं चिरली, टोप चढवला. उकडल्यावर चाळणी पातेल्यावर ठेवून ओतलं. लालसर पाणी खाली, भाजी वर. मी पातेलं झाकून बाजूला ठेवलं.

"टीचर, ते पानी कशाला ठेवलंत?"

म्हटलं, पेजेला. बघ कसा गुलाबी रंग येतो. यांना दिवसाला लिटरभरच पाणी ना, मग जे पोटात जाईल त्यात सत्त्व तरी असावं.

तिने पातेल्यावरचं झाकण उचलून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "टीचर, पानीच तर फेकायचं असतंय. म्हनून तर उकडायचं. सगलं पोटॅशियम पान्यात उतरतं. मला तर त्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तुम्हांला कोनी नाही सांगितलं?"

मी फ्रिजपाशी गेले. सातवी ओळ. 'पालेभाजी भरपूर पाण्यात उकडून पाणी काढून घे, मग फोडणीला टाक.'

काढून घे.

या घरात भात शिजला की तुझी आजी सांगायची, पेज काढून घे. मी तुला सांगायचे, एली, पेज काढून घे, पप्पांना लोटीभर दे. काढून घेतलेलं पाणी कधी कुणी फेकलं नाही. मी सातवीला शिकवायचे, संयुक्त क्रियापदात 'घे' आलं की ते आपल्याकडे येतं आणि 'टाक' आलं की आपल्यापासून जातं. पोरांकडून पाठ करून घेतलं. आणि तू इंग्रजी शाळेत शिकलेली, तुला म्हणायचं होतं भाजीतलं पाणी काढ. मी वाचलं, पाणी घे. मी घेतलं. ओंजळ ओंजळ जपून घेतलं आणि त्यांना पाजलं. रिपोर्ट वाईट आला तेव्हा दोन्ही वेळेला पाजलं.

व्हेरोनिका कधी गेली ते मला कळलं नाही. तिला मी चहासुद्धा विचारला नाही.

त्यांनी केळं खाल्लं नव्हतं. आता कळतंय मला. खाल्लंच नव्हतं त्यांनी. मी तीन दिवस त्या माणसाला जगू दिलं नाही, म्हणून त्यांनी कबूल केलं, मी गप्प बसावं म्हणून. आणि मला वाटलं, मी जिंकले. देवा, काय केलं हे मी!

जानेवारीच्या पत्रात पेजेची रीत दोन ओळींत लिहिली असती तर तू वाचताक्षणी ओरडली असतीस. ब्लॉकबिक विसरून फोन केला असतास. पण मला तुझा फोन हवा होता ना, तोही तू विचारावंस असा. म्हणून रीत दडवून ठेवली. शहाणपण! माझ्या शहाणपणाला आग लागो.

ते पातेल्यातलं पाणी संध्याकाळी मी प्याले. दोन वाट्या. मला काही झालं नाही. मी ठणठणीत आहे.

आणि तुला मी लिहून पाठवलंय की पप्पा तुझ्यामुळे गेले. ते पत्र एव्हाना तुझ्या हातात पडलं असेल. आता काय लिहू? खरं लिहायला गेले तर तुझी सातवी ओळ तुला दाखवावी लागेल. किडनीचं ओझं उतरवून त्या जागी हे ठेवायचं? गप्प बसले तर ते पहिलंच ओझं घेऊन तू जन्म काढशील. कुठूनही गेले तरी तूच सापडतेस. परवा शुक्रवारी फादरांकडे पापकबुलीला जाऊन बसले होते, नेहमीचे राग-लोभ सांगून परत आले. तेव्हा तर मला हे माहीतही नव्हतं. आता माहीत आहे आणि आता मी त्यांच्याकडे जाणारच नाही. मला कुणी माफ करायला नको आहे.

वाफा अजून भरलेला आहे. कापलं की परत फुटतं.


शनिवार, २९ मार्च

एली, हेही वहीतच.

बुधवारी तुझं पत्र आलं. चौदा महिन्यांनी तुझ्याकडून शब्द आला. मी ते इथे उतरवून ठेवते, कारण तो कागद हातात धरवत नाही.

'आई, तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस तेच मी वर्षभर स्वतःला सांगत होते, त्यामुळे नवीन काही नाही. त्या खोलीत मला भीती वाटली. मोठं कारण काही नव्हतं, नुसती भीती. पप्पा गेल्यापासून मी ड्यूटीवर गेलेली नाही. पेशंटचा हात धरला की पप्पांचा हात वाटतो. नोकरी सोडायचं ठरवलं आहे, एप्रिलमध्ये कागद देईन. तुला त्रास देणार नाही. एकच मागते. मी लिहिलेला तो जेवणाचा कागद ठेवला असशील तर पाठव. पप्पांसाठी मी तेवढी एकच गोष्ट नीट केली. ती मला डोळ्यांनी बघायची आहे. एलिना.'

तेवढी एकच गोष्ट नीट केली.

मी ओट्यावर बसून राहिले. स्टीवन विचारून गेला, काकी, जेवलीस का? हो म्हटलं.

कागद नुसता पाठवून दिला आणि बाकी काही सांगितलं नाही तर तुला समाधान होईल. तू तुझ्या अर्थाने वाचशील. पण मग माझं ते पत्र खरंच राहतं आणि तू नोकरी सोडतेस. पाण्याचं सांगितलं तर तू कागद उघडशील, सातव्या ओळीवर येशील, आणि तुला कळेल. तू हुशार आहेस, लगेच कळेल. म्हणजे पाण्याचं सांगायचं असेल तर ही ओळ तुझ्या हाती पडता कामा नये.

तुझं अक्षर मी वळवलंय, एली. पाटीवर तुझा हात माझ्या हातात धरून. तुझा 'ळ' अजून माझाच आहे, 'श'ची शेंडी माझी. मला नक्कल करावी लागली नाही, थोडं सैल लिहावं लागलं इतकंच. तशाच वहीचा कागद काढला. दोन दिवस सराव केला, आज दुपारी सोळा ओळी उतरवल्या. तुझ्या नऊच्या नऊ चुकांसकट. आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं. 'दूध'चा दू ऱ्हस्व लिहिताना हात अडला.

फक्त सातव्या ओळीत मी तुझं वाक्य दुरुस्त केलं. 'पाणी काढून टाकून दे.'

मग तो कागद उकळत्या टोपावर धरला, तेलकट अंगठा उमटवला, चिकटपट्टी लावून फ्रिजवर चिकटवला आणि परत काढला. तुझा कागद गॅसवर धरला. सोळा ओळी जळायला वेळ लागत नाही.

म्हणजे आता सांगायचं असं की मला माहीत होतं, आणि तरी मी पाणी ठेवलं. हे वाचून तू माझं तोंड पाहणार नाहीस. मला तू हवी आहेस. या घरात मला दुसरं कुणीही नको आहे. तू यावंस, त्या मोड्यावर बसावंस आणि माझ्याशी भांडावंस, एवढंच मला हवं आहे. आणि तसं पत्र टाकलं की ते संपलं.

सोमवारी टाकीन म्हणते. सोमवारी झालं नाही तर मंगळवारी.


नंदाखाल
बुधवार, २ एप्रिल २०२५

प्रिय एलिना,

कागद सोबत आहे. नीट वाच, विशेषतः सातवी ओळ. तू स्वच्छ लिहिलं होतंस की पालेभाजीचं पाणी काढून टाकून दे. मी ते वर्षभर रोज वाचत होते. आणि ते पाणी मी टाकलं नाही. टाकायला जीव झाला नाही. त्यात पेज शिजवली आणि पप्पांना दिली. ती गुलाबी पेज म्हणजे हीच. मला वाटलं, नर्सबाईंना काय कळतं, सत्त्व पाण्यात असतं. तू नर्स आहेस, पोटॅशियम का चढलं आणि हार्ट का बंद पडलं हे मी तुला समजावून सांगायला नको. व्हेरोनिकाने सांगितलं तेव्हा मला उमगलं.

पप्पा तुझ्या 'नाही'ने गेले नाहीत. माझ्या हाताने गेले. १९ तारखेच्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं आणि ते लिहिल्याबद्दल मी तुझी माफी मागते. ओट्यावर बोलले त्याचीही मागते. दफनाच्या वेळी तू विचारलंस तेव्हा 'हो, बोलावलंय' एवढं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही, त्याची तर मला मागताही येत नाही.

आणखी एक गोष्ट मी तुझ्यापासून दडवली होती. त्या दिवशी हॉस्पिटलातून आम्ही दोघंच परत येताना मी तुला लाखोली वाहत होते तेव्हा रिक्षात पप्पा म्हणाले, "घाबरली गं पोर. तिच्या जागी मीही घाबरलो असतो. तिला काही बोलू नकोस." मला ते आवडलं नाही, म्हणून मी ते तुला सांगितलं नाही आणि घरी येऊन बोलायचं ते बोललेच. त्यांच्या मनात तुझ्याबद्दल काही नव्हतं. शेवटपर्यंत तुझ्या वाफ्यापाशी बसत होते आणि 'एलीची भाजी' म्हणून दोन घास जास्त खात होते.

तू ती एक गोष्ट नीटच केली होतीस. तुझ्या कागदाप्रमाणे वागले असते तर ते आज असते. हे तुझ्या आईने तुला लेखी दिलं आहे, जपून ठेव.

रागव माझ्यावर. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी पुन्हा लिहिणार नाही आणि स्टीवनलाही मध्ये घालणार नाही. पण राजीनामा देऊ नकोस. तुझ्या हातून काही चुकलेलं नाही.

सोमवारी ड्यूटीवर जा.

तुझी आई